बेचाळीस दिवस आणि पाच किलोमीटर

रविवार, १७ नोव्हेंबर २०२४. पहाटे साडेपाचला उस्तादांची शिट्टी झाली तेव्हा आमच्या डॉर्मिटरीत नेहमीपेक्षा जास्त कुरकुर ऐकू आली. रविवारी पीटी नसते. ती अर्ध्या तासाची जादा झोप आमच्यापैकी कोणालाच सोडवत नाही. पण त्या दिवशी आम्हा चाळीस कॅडेट्सना आनासागरच्या काठी हजर व्हायचे होते. अजमेर शहरातल्या काही बालरोगतज्ज्ञांनी आणि पालकांनी मिळून पाच किलोमीटरची पदयात्रा ठेवली होती. अपुऱ्या दिवसांत जन्मलेल्या बाळांच्या कुटुंबांना मदत करण्यासाठी पैसे गोळा करणे, हा तिचा हेतू होता.

नोटीस बोर्डावर नावे मागवली तेव्हा पहिले नाव मी लिहिले. मित्रांना वाटले, गेटच्या बाहेर पडायला मिळते म्हणून मी नाव दिले असणार. मी काही बोललो नाही. सहावीपासून मी या शाळेत आहे, आता अकरावीत आहे. माझी धाकटी बहीण सातव्या महिन्यात जन्मली, हे मी इथे कोणालाही सांगितलेले नव्हते. का सांगितले नव्हते, ते या लेखात सांगतो.

पदयात्रेच्या आधीच्या गुरुवारी जीवशास्त्राच्या सरांनी आम्हाला सभागृहात बसवून माहिती दिली. बाळ पोटात साधारण चाळीस आठवडे असते. सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मले तर ते अपुऱ्या दिवसांचे बाळ. जगात दर दहा बाळांमागे साधारण एक बाळ असे जन्मते. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली. त्यांतली सुमारे ३० लाख आपल्या देशातली, म्हणजे कोणत्याही एका देशातला सर्वांत मोठा आकडा आपला. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचे जगातले पहिल्या क्रमांकाचे कारणही हेच. म्हणून १७ नोव्हेंबर हा दिवस जगभर या बाळांचा दिवस म्हणून पाळतात. त्याचा रंग जांभळा. दोरीवर नऊ जोड मोठे मोजे आणि एक जोड इवलेसे जांभळे मोजे वाळत घातलेले, हे त्याचे चिन्ह. दहातले एक.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हा सैनिकी शाळेतल्या मुलांना आवडली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३८ साली पोलिओविरुद्ध एक संस्था उभी केली. लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी पाठवली, त्या नाण्याला तिकडे डाइम म्हणतात. त्यावरून संस्था ‘मार्च ऑफ डाइम्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे पोलिओची लस आली. संस्थेने काम थांबवले नाही. ती नवजात बाळांच्या आजारांकडे वळली आणि १९७० पासून तिने लोकांना या कामासाठी पैसे जमवत चालायला लावले. माझ्या शेजारचा मित्र हळूच म्हणाला, “एक लढाई जिंकली, तर पलटणीने दुसरी मागून घेतली.”

मी मात्र ऐकता ऐकता दुसरीकडेच पोचलो होतो. सातारच्या जिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात.

आमचे गाव जावळी तालुक्यात, मेढ्याजवळ. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत. २०१८ साली त्यांची पलटण अरुणाचलात होती. मी पाचवीत होतो आणि डिसेंबरात होणाऱ्या मिलिटरी स्कूलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होतो. आईला सातवा महिना लागला होता. ऑक्टोबरात, नवरात्राच्या दिवसांत, तिच्या पायांना सूज आली, डोके दुखायला लागले आणि एका रात्री डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्तदाब फार वाढला होता. बाबा लष्करात असल्यामुळे पुण्याचे कमांड हॉस्पिटल आम्हाला होते, पण तेवढा वेळच नव्हता. काकांनी १०८ ला फोन केला आणि गाडीने सरळ सातारा गाठले. डॉक्टरांनी आईला बाळाची फुफ्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून इंजेक्शन दिले आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन केले. मुलगी झाली. तीस आठवड्यांची. वजन १ किलो २४० ग्रॅम.

“एवढ्या बाळाला आत्ता पुण्याला हलवणे बरे नाही,” डॉक्टर काकांना म्हणाले. मग ती तिथेच राहिली. नवजात बाळांच्या विशेष कक्षात, बेचाळीस दिवस.

आमच्याकडे म्हणतात, बाळाला काचेत ठेवलंय. आजी सगळ्या गावाला फोनवरून तेच सांगत होती. “पोरगी काचेत हाय.” तिला एका गोष्टीचा धीर होता. सातव्यातले बाळ जगते, आठव्यातले जगत नाही, असे तिने आयुष्यभर ऐकले होते. तिथल्या सिस्टरने तिला समजावले, “आजी, असं काही नसतं. पोटात जितके आठवडे जास्त, तितकं बाळाला बरं.” आजीचा चेहरा उतरला. पण ती सिस्टर खोटा धीर देत नाही, हे तिला त्या दिवसापासून पटले.

मला आत जायला परवानगी नव्हती. लहान मुलांकडून बाळांना जंतुसंसर्ग होऊ शकतो. त्यामुळे बहिणीबद्दल मला जे कळले ते सगळे दाराबाहेर कळले. तिची फुफ्फुसे नीट उघडत नव्हती, म्हणून नाकात प्राणवायूची नळी होती. ती मधूनच श्वास घ्यायलाच विसरायची, मग यंत्र वाजायचे आणि सिस्टर तिच्या तळव्याला बोटाने हलकेच टिचकी मारायची. तिला दूध ओढता येत नव्हते. एवढ्या लहान बाळाला ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ घालता येत नाही. आई दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, वाटीत दूध काढून द्यायची आणि ते आधी नळीने, मग पुष्कळ दिवसांनी बोंडल्याने तिच्या पोटात जायचे.

रोज सकाळी वजन व्हायचे. आई दाराशी येऊन आकडा सांगायची आणि मी तो गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचो. १२४०. मग १२१०. मग ११७०. पाचव्या दिवशी ११३०. मी अंकगणितात हुशार होतो, त्यामुळे मला ते आकडे फार भीतीदायक वाटले. रोज किती वजाबाकी होते आणि असे किती दिवस चालेल, याचा हिशोब मी घातला होता. तो हिशोब मी कोणाला दाखवला नाही. नंतर कळले की पहिल्या आठवड्यात अशा बाळांचे वजन थोडे उतरतेच. चौदाव्या दिवशी ती पुन्हा १२४० वर आली. ज्या दिवशी एकदम २५ ग्रॅम वाढले, त्या दिवशी काकांनी व्हरांड्यातल्या सगळ्यांना चहा पाजला.

सहाव्या दिवशी बाबा पोचले. गुवाहाटीहून गाडी बदलत बदलत, वर्दीच्या पँटवरच. त्यांना वीस दिवसांची रजा मिळाली होती. बहीण जरा स्थिर झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना विचारले, “छातीवर घ्याल का?” कांगारू मदर केअर म्हणतात ती पद्धत. कोलंबिया देशात बोगोटाच्या रुग्णालयात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या, तेव्हा १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावून ऊब द्यायची युक्ती काढली. नाव आईचे असले तरी बाबा, आजी, मावशी, कोणीही ते करू शकते. बाबांनी शर्टाची बटणे काढली, आणि टोपी, मोजे घातलेले ते बाळ त्यांच्या छातीवर ठेवून वरून कापड बांधले. दोन-दोन, तीन-तीन तास ते तसे बसायचे. बाहेर आले की म्हणायचे, “संत्री ड्युटीला डोळा लागला तर शिक्षा होते. इथं नुसता खोकलो तरी सिस्टर रागावते.”

आजही मला वाटते, बाबांच्या नोकरीतली सर्वांत अवघड ड्युटी तीच असावी.

आता ज्यासाठी हा लेख लिहितो आहे, ते सांगतो.

सरकारी रुग्णालयात बाळाच्या उपचारांचे पैसे आम्हाला लागले नाहीत. २०११ पासून केंद्र सरकारची योजना आहे, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम. त्यात बाळंतपण, औषधे, आजारी नवजात बाळाचे उपचार, रुग्णालयापर्यंतची गाडी, सगळे मोफत असते. आईचे जेवणही असते. साध्या बाळंतपणाला तीन दिवस, ऑपरेशन असेल तर सात दिवस. आमचे बाळ मात्र बेचाळीस दिवस तिथे होते. आठव्या दिवसापासून आई, आजी, काका आणि मी यांनी जेवायचे काय आणि झोपायचे कुठे, हा आमचा आम्ही सोडवायचा प्रश्न होता. काकांची भाताची कापणी खोळंबली होती. गावाहून डबा आणायचा तर एसटीने तासभर जाणे आणि तासभर येणे. बाबा पैसे पाठवत होते, तरी महिनाभर दोन ठिकाणचा खर्च चालवणे जड होते. ज्यांच्या घरात पगार नव्हता, रोज काम केले तरच पैसे, अशी कितीतरी माणसे आमच्या शेजारी चादर अंथरून बसलेली होती. एक जण चौथ्या दिवशी मजुरीसाठी परत गेला आणि त्याची बायको एकटी राहिली.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी शहरातल्या काही बायका मोठे डबे घेऊन यायच्या. भाकरी, आमटी, एखादी पालेभाजी, बाळंतिणींना अळिवाची खीर. लोक रांग लावायचे. आजी रांगेत उभी राहायची. मी राहायचो नाही. मी हवालदाराचा मुलगा होतो. आमच्या घरी पाहुणे जेवून जातात, आम्ही कोणाच्या रांगेत उभे राहत नाही, असे मला वाटायचे.

एका शुक्रवारी प्रवेश परीक्षेच्या क्लासमधला एक मुलगा त्याच्या वडिलांबरोबर कोणाला तरी बघायला आला. त्याने मला ओळखले. “तू इथे कसा? कोण आहे तुझं?”

आजी माझ्यापासून दहा पावलांवर होती. हातात थाळी, डोक्यावर पदर, रांगेत चौथी.

“कोणी नाही,” मी म्हणालो. “सहज आलोय.”

तो गेला. आजीने ऐकले होते. ती काही बोलली नाही. थाळी घेऊन आली, माझ्यापुढे ठेवली. मी जेवलो नाही. संध्याकाळी अर्धी भाकरी तिने पदराखाली झाकून ठेवलेली होती, ती माझ्यापुढे सरकवली आणि एवढेच म्हणाली, “आरं, आज घ्यायचं, उद्या द्यायचं. त्यात लाज कसली?”

मी ती भाकरी खाल्ली. पण ‘कोणी नाही’ हे शब्द माझ्याबरोबर राहिले. सव्वीस नोव्हेंबरच्या सुमारास १ किलो ७४० ग्रॅम वजनाची बहीण घरी आली, डिसेंबरात मी परीक्षा दिली, पास झालो, ट्रंक घेऊन अजमेरला आलो. सहावीत सगळे घरच्यांचे फोटो दाखवायचे, बहीण केवढी, भाऊ केवढा. मी बहिणीचा फोटो दाखवायचो, पण ती कशी जन्मली हे सांगितले की व्हरांडा सांगावा लागेल आणि व्हरांडा सांगितला की रांग. म्हणून मी सांगितले नाही.

पदयात्रेसाठी प्रत्येकाला एक कागद दिला होता. पैसे देणाऱ्याचे नाव आणि रक्कम लिहायची. म्हणजे मागायचे. आमच्यातल्या बऱ्याच जणांना पाच किलोमीटर चालणे सोपे वाटले आणि मागणे अवघड. आमचे हिंदीचे सर आम्हा मराठी मुलांना म्हणाले, “विनोबा तर तुमच्याच भागातले. १९५१ मध्ये पोचमपल्लीपासून निघाले आणि वर्षानुवर्षे पायी फिरून दुसऱ्यांसाठी जमीन मागत राहिले. तुम्हाला पन्नास रुपये मागवत नाहीत?”

मी मेसमध्ये गेलो. आमचे जुने स्वयंपाकी भैया, पाच वर्षे ज्यांच्या हातची पोळी खाल्ली, त्यांना विचारले. त्यांनी विचारले, कशासाठी? मी सांगितले. त्यांनी ओले हात पुसले, खिशातून शंभराची नोट काढली आणि म्हणाले, “मेरा पहला वाला ऐसा ही था। सात दिन रहा।” पाच वर्षांत त्यांनी हे मला कधी सांगितले नव्हते. मीही त्यांना माझे कधी सांगितले नव्हते. मी कागदावर त्यांचे नाव लिहिले. मग ड्रायव्हर, धोबी, हाउसमास्टर, मित्रांचे पालक. आम्हा चाळीस जणांचे मिळून एकवीस हजारांहून थोडे जास्त जमले.

सकाळी सातला पदयात्रा सुरू झाली. हवेत गारवा होता, अरवलीच्या डोंगरांवर ऊन नुकतेच आले होते. काठावर दोरी बांधून खरेच नऊ जोड मोठे मोजे आणि एक जोड लहान जांभळे मोजे टांगले होते. दीड-दोनशे माणसे असतील. डॉक्टर, सिस्टर, कॉलेजची मुले आणि कुटुंबे. कोणाच्या कडेवर मूल, कोणाच्या हाताला धरून चालणारे. सात-आठ वर्षांचा एक मुलगा वॉकर घेऊन आला होता. तो सत्तावीस आठवड्यांचा जन्मला होता, असे त्याची आई सांगत होती. त्याचे पाय अजून कडक होते.

आम्ही तीन-तीनच्या रांगेत फॉल-इन झालो आणि निघालो. आम्हाला चालायचे कसे, ते शिकवलेले आहे. दहा मिनिटांत आम्ही सगळ्यांच्या पुढे शंभर मीटर होतो आणि खरे सांगायचे तर आम्हाला त्याचा अभिमान वाटत होता. तेवढ्यात मागून उस्तादांचा आवाज आला, “थम!”

ते आमच्यासमोर आले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “रूट मार्च में सबसे आगे किसको रखते हैं?”

एक जण म्हणाला, “सर, जो सबसे धीरे चलता है।”

“तो वो कहाँ है?”

आम्ही मागे वळून पाहिले. वॉकरवाला मुलगा दूर, पार शेवटी होता. उस्तादांनी आम्हाला परत नेले आणि आमची रांग मोडून आम्हाला कुटुंबांमध्ये पसरवले. वॉकरवाला मुलगा सगळ्यांच्या पुढे आला. मग सगळी पदयात्रा त्याच्या चालीने चालली. तो थांबला की सगळे थांबायचे. पाच किलोमीटरला अडीच तास लागले. आम्ही क्रॉस कंट्रीत याच अंतराला पंचवीस मिनिटेही घेत नाही.

माझ्या वाट्याला एक तरुण माणूस आला. किशनगढला संगमरवराच्या गोदामात हमाली करायचा. हातावर पांढरी धूळ बसलेली, नखांत मुरलेली. बायको रुग्णालयात, मुलगा विशेष कक्षात, आजचा सहावा दिवस. एका डॉक्टर मॅडमनी त्याला “जरा मोकळ्या हवेत चला” म्हणून बोलावले होते. तो पहिला किलोमीटर काही बोलला नाही. मग खिशातून एक चिठ्ठी काढून मला दाखवली. वर्दीतला मुलगा म्हणजे शिकलेला, असे त्याला वाटले असावे.

चिठ्ठीवर आकडे होते. १३५०. १३१०. १२७०. १२४०.

“रोज घट रहा है,” तो म्हणाला. “हिसाब लगाया मैंने।”

मित्रांनो, त्या क्षणी मला पाचवीच्या वहीचे शेवटचे पान दिसले. तोच हिशोब. मी त्याला म्हणालो, “भैया, मेरी बहन का भी ऐसे ही घटा था।” आणि मग मी थांबलो नाही. वजन कसे उतरले, चौदाव्या दिवशी कसे परत आले, बाबांनी तिला छातीवर कसे घेतले, हे सगळे सांगितले. जेवणाच्या रांगेचेही सांगितले. माझ्या मागे माझे दोन मित्र चालत होते, त्यांनीही ऐकले. मी शेवटी म्हणालो की तुमच्या बाळाचे काय ते डॉक्टरच सांगतील, मला ते कळत नाही. पण आकडा खाली जातो म्हणजे तो जातच राहणार, असे नसते.

त्याने विचारले, बाप छातीवर घेऊ शकतो? मॅडम जवळच चालत होत्या. त्या म्हणाल्या, “हाँ, क्यों नहीं?” तो आपल्या हातांकडे बघायला लागला. म्हणाला, दगड उचलायचे हात आहेत. मॅडम म्हणाल्या, “धो लेना।” तो हसला. सकाळपासून पहिल्यांदाच.

शेवटी चहाच्या वेळी संयोजकांनी पैसे कशासाठी वापरणार ते सांगितले. बाळ कक्षात असेपर्यंत आईसाठी आणि एका नातेवाइकासाठी रुग्णालयाजवळ राहण्याची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय. टोप्या, मोजे, छातीशी बांधायची कापडे. आणि बाळ घरी गेल्यावर तपासणीला परत यायचे बसभाडे. यातले शेवटचे ऐकून काही जणांना आश्चर्य वाटले. मला वाटले नाही. अशा बाळांच्या डोळ्यांतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. जन्मानंतर महिन्याच्या आत डोळे तपासावे लागतात आणि गरज पडली तर पुन्हा पुन्हा. वेळेवर कळले तर लेसरने दृष्टी वाचते, उशीर झाला तर मूल कायमचे आंधळे होऊ शकते. बाळ वरून अगदी चांगले दिसत असते. महिनाभराची मजुरी बुडालेला बाप अशा वेळी म्हणतो, पुढच्या महिन्यात जाऊ. आमच्या घरात कोणीतरी पगार आणणारे होते, म्हणून माझ्या बहिणीची एकही तपासणी चुकली नाही. हा सगळा फरक दोन माणसांच्या बसच्या तिकिटाएवढा असतो.

मला पूर्वी वाटायचे, मदत म्हणजे काहीतरी मोठे. यंत्र देणे, इमारत बांधणे. तीही लागतेच. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. ज्या बाळाला आईचे दूध मिळू शकत नाही, त्याला दुसऱ्या आईचे मिळते. असे काम करायला डॉक्टर व्हावे लागते. पण व्हरांड्यात बसलेल्या माणसाला एक ताट आणि एक गादी द्यायला काही व्हावे लागत नाही. बाळाला आत यंत्रे आणि सिस्टर सांभाळतात. दर दोन तासांनी दूध काढणाऱ्या आईला बाहेरून कोणीतरी सांभाळावे लागते. ती उपाशी राहिली, खचली, घरी परत गेली, तर आतल्या बाळाचे दूध आणि ऊब दोन्ही जातात. त्या डबे आणणाऱ्या बायकांनी माझ्या बहिणीला कधी पाहिलेही नसेल. तरी तिच्या १७४० ग्रॅममध्ये त्यांच्या भाकरीचे वजन आहे.

निघताना मी त्या माणसाला माझ्या नंबराच्या कागदामागे बहिणीचे आकडे लिहून दिले. मला ते पाठ आहेत. १२४० पासून खाली ११३० पर्यंत आणि मग वर, १७४० पर्यंत. त्याने तो कागद आपल्या चिठ्ठीबरोबर घडी करून खिशात ठेवला. त्याच्या बाळाचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. मी फोन नंबर घेतला नाही, शाळेत आमच्याकडे फोन नसतो. मात्र रात्री झोपताना मी त्या बाळाचे नाव नसलेले नाव घेतो. बरे असेल, असे धरून चालतो.

त्या संध्याकाळी फोनची वेळ होती. बहीण आता पहिलीत आहे. तिने विचारले, “दादा, तू किती चाललास?”

“पाच किलोमीटर.”

“त्याचे पैसे मिळाले?”

“मला नाही. तुझ्यासारख्या बाळांना.”

“मग मी पण रोज शाळेत चालत जाते,” ती म्हणाली. “त्याचे कोण देतं?”

मी हसलो आणि आजीला फोन द्यायला सांगितले. आजीला आता कमी ऐकू येते, त्यामुळे मला मोठ्याने बोलावे लागले. मागे रांगेत बारा मुले उभी होती, सगळ्यांनी ऐकले असणार. मी म्हणालो, “आजी, त्या दिवशी दवाखान्यात तो मुलगा आला होता ना, त्याला मी म्हणालो होतो कोणी नाही म्हणून. चुकलं माझं.”

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मला वाटले, फोन कट झाला.

मग आजी म्हणाली, “जेवलास का?”